न आलेल्या उजेडाची नोकरी

तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे, तो वाचकांपुढे यायला हवा, असं या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, कुठला प्रवास? ते म्हणाले, म्हणजे यश. मी त्यांना सांगितलं की माझी जवळजवळ सगळी नोकरी जो प्रकाश यायला हवा होता आणि आला नाही, तो मोजण्यात गेली. त्यात यश कुठे दाखवायचं ते मलाच कळत नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा. अंकात माझ्या आधी एका खानावळवाल्यांचं आणि नंतर एका भूलतज्ज्ञांचं अनुभवकथन आहे म्हणे. त्या दोघांकडे गिऱ्हाईक निदान यायचं तरी.

मी मूळची रेवदंड्याची. वडील, म्हणजे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत वैज्ञानिक अधिकारी म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता चौलला राहते. गावात माझ्या नोकरीबद्दल कुणालाच नक्की काही माहीत नव्हतं. अलिबागला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे आणि मी चुंबकाचं काहीतरी करते एवढं कानावर गेलेलं, त्यामुळे माझी मावशी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "आमची कमल अलिबागला चुंबक सांभाळते." मीही तिला कधी दुरुस्त केलं नाही. खरं काय ते सांगितलं असतं तर तिची काळजी वाढली असती.

खरं काय ते आता सांगते. गॅमा किरण म्हणजे प्रकाशच. पण डोळ्यांना न दिसणारा आणि क्ष-किरणांपेक्षाही ताकदवान. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर अशा काही दीर्घिका आहेत की त्यांच्या पोटातली अजस्र कृष्णविवरं अशा किरणांचे झोत थेट आपल्या दिशेने फेकत असतात. हे किरण इकडे यायला निघतात, पण वाटेत ताऱ्यांचा साधा प्रकाश सगळीकडे पसरलेला असतो. त्यावर आपटून त्यातले सगळ्यात जोरकस किरण संपतात आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी विद्युतभारित कणांची जोडी तयार होते. ही जोडी पुढे धावता धावता विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या मंद प्रारणाला धक्का देते, आणि त्यातून पुन्हा गॅमा किरण निघतात, पहिल्यापेक्षा कमी ताकदीचे. म्हणजे मोठी नोट मोडली तर तिची चिल्लर आपल्यापर्यंत पोचायला हवी. चिल्लर किती असेल हे गणिताने काढता येतं. उपग्रहावरच्या दुर्बिणीतून बघितलं, तर ती तेवढी दिसत नाही.

मग गेली कुठे? विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात वळतात. दीर्घिकांच्या मधल्या, जिथे काहीच नाही असं आपण समजतो त्या पोकळीत जर क्षीण का होईना चुंबकीय क्षेत्र असेल, तर त्या जोड्या वाकड्या जातात आणि त्यांचा प्रकाश भलतीकडे तरी जातो, उशिरा तरी पोचतो, नाहीतर मूळ दीर्घिकेच्या आजूबाजूला पसरून येतो. रेवदंड्याच्या खाडीत नाकासमोर सोडलेली होडी समोरच्या धक्क्याला लागली नाही, तर मध्ये ओढ आहे हे पाण्याकडे न बघताही कळतं, तसंच हे. होकायंत्राची सुई हलवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हे क्षेत्र कोट्यवधी कोटी पटींनी दुबळं असेल. कुठलंही उपकरण तिथे नेऊन ते मोजता येत नाही. न आलेल्या प्रकाशावरूनच त्याचा अंदाज करायचा. ते माझं काम.

असल्या कामाचा सरकारी नमुन्यात मोठा त्रास होतो. दर वर्षी एक तक्ता भरावा लागे आणि त्यात एक रकाना असे: 'सदर संशोधनाचा सामान्य नागरिकास होणारा लाभ'. पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे 'तूर्तास नाही' असं लिहिलं. तक्ता परत आला. रकाना अपूर्ण आहे असा शेरा होता. माझे सहकारी प्रभाकर थळे माझ्यापेक्षा दोन वर्षं जुने होते. त्यांनी मला 'लाभ दूरगामी स्वरूपाचा आहे' असं लिहायला शिकवलं. दीर्घिका दूर आहेत तेव्हा हे खोटंही नव्हतं. पुढे निवृत्तीपर्यंत मी तेच वाक्य लिहिलं आणि तक्ता एकदाही परत आला नाही.

थळे अलिबागजवळचे. दुर्बिणीचे संगणकी तक्ते अद्ययावत ठेवणं हे त्यांचं काम. कुठलीही दुर्बीण बिंदूला बिंदू दाखवत नाही; थोडं फिसकटूनच दाखवते. हे फिसकटणं किती, याचा तक्ता दुर्बिणीचे लोक प्रसिद्ध करतात आणि अनुभव वाढेल तसा सुधारतात. आमच्या धंद्यात हा तक्ता फार महत्त्वाचा, कारण दीर्घिकेभोवती पसरलेला प्रकाश खराच आहे की दुर्बिणीचंच फिसकटणं आहे, हे त्याच्यावरून ठरतं. तो पसरलेला प्रकाश, त्याला आम्ही प्रभामंडळ म्हणतो, खरोखर सापडला तर चुंबकीय क्षेत्र निदान एवढं तरी असेल असं मोघम न बोलता ते किती आहे हे सांगता येईल. सगळे त्याच्या मागे होते. एका दुपारी तो मला सापडला.

मी थळेंना बोलावून पडदा दाखवला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं की हेच गणित एखाद्या पल्सारवर चालवून बघितलं का. पल्सार म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला, मेलेला पण गरगरत राहिलेला तारा. त्याचा प्रकाश तो लांबचा प्रवास करतच नाही, तेव्हा त्याला असं मंडळ असूच शकत नाही. ताडून बघायला तो उत्तम. मी म्हटलं, बघते नंतर. हे दोन शब्द मला पुढे फार महाग पडले, आणि माझ्यापेक्षा थळेंना जास्त.

मी संचालकांना ते चित्र दाखवलं तेव्हा वरती 'शक्यता' असं लिहिलं होतं. संचालक हुशार होते, तरुणपणी त्यांनी चांगलं काम केलेलं होतं. पण खुर्चीवर बसल्यापासून संस्थेची माहितीपुस्तिका हीच संस्था अशी त्यांची समजूत झाली होती. पुढच्या आठवड्यात वर्धापनदिन होता आणि मंत्रिमहोदय येणार होते. संचालकांनी भाषणात ते चित्र लावलं. 'शक्यता' हा शब्द पडद्याच्या कडेला कापला गेला होता. मांडणी नीट बसत नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवशी 'रायगडच्या लेकीने शोधला विश्वाचा चुंबक' अशी बातमी आली. एका वर्तमानपत्राने सोबत शनीचं चित्र छापलं होतं, कारण त्याला कडं असतं. मग लोक येऊ लागले. एका ज्योतिषांनी फोन करून हे क्षेत्र कुठल्या राशीत येतं असं विचारलं. ती दीर्घिका आकाशात कुठे आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून मी सांगू शकले, आणि ते खूष झाले. माझ्या सगळ्या नोकरीतलं ते एकमेव समाधानी गिऱ्हाईक.

रविवारी मी रेवदंड्याला घरी असताना काशीदचे विलास पाटील आले. समुद्राजवळ त्यांची पर्यटकांसाठी कॉटेजेस आहेत. रिक्षाच्या टपावर त्यांनी एक गादी बांधून आणली होती. तिच्यात चुंबक शिवलेले होते. पाठदुखी जाते म्हणून ते पाहुण्यांना अशा गाद्या देत. विश्वातल्या चुंबकाबद्दल मी चार ओळी लिहून दिल्या तर त्या खोलीत लावता येतील, अशी त्यांची विनंती होती.

"तुमचं चुंबक नि आमचं चुंबक एकच ना, मॅडम?"

मी त्यांना समजावलं की माझं क्षेत्र त्यांच्या गादीपेक्षा इतक्या पटींनी दुबळं आहे की तो आकडा लिहायला कागद आडवा धरावा लागेल. पाटील विचारात पडले.

"मंजे पावर कमी हाय. बरंच हाय की. साइड इफेक्ट न्हाय व्हनार."

मी लिहून दिलं नाही. ते रागावलेही नाहीत. गादी मात्र नानांसाठी ठेवून गेले.

त्याच आठवड्यात गावात नागरी सत्कार ठरला. सत्कार समितीतले दोन वयस्क गृहस्थ तारीख ठरवायला नानांकडे आले. त्यांच्या घरांतून आमच्या वस्तीत आजवर कुणी आलेलं नव्हतं. नाना त्यांच्या नातवंडांना शाळेत शिकवायचे, रस्त्यात भेटले की नमस्कार व्हायचा, तेवढंच. दोघं खुर्च्यांवर बसले, चहा प्याले, दुसरा कपही घेतला. ते गेल्यावर नानांनी कप स्वतः विसळले आणि निमंत्रणांचे लिफाफे लिहायला बसले. अक्षर त्यांचं फळ्यावरचं, टपोरं. मी मुंबईला परत निघाले तेव्हा लिफाफ्यांचा गठ्ठा टेबलावर होता.

बुधवारी मी सत्काराच्या भाषणासाठी एक सोपं चित्र करायला घेतलं. एका बाजूला आपल्या जवळचा तारा, त्याला मंडळ नाही. दुसऱ्या बाजूला दूरची दीर्घिका, तिला आहे. शाळेतल्या मुलांनाही कळेल असं. म्हणून थळेंनी सांगितलेला पल्सार अखेर उघडला. त्यालाही मंडळ होतं, अगदी तसंच.

वर्षभराच्या फाईली उलटसुलट केल्यावर कळलं की मी दुर्बिणीच्या फिसकटण्याचा जुना तक्ता वापरत होते. नवा तक्ता आल्याची ई-मेल थळेंनी मला कधीचीच पाठवली होती. ती मी उघडलीसुद्धा नव्हती. मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. 'मी सांगितलं होतं,' असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मग आम्ही दोघांनी नव्या तक्त्याने पुन्हा गणित चालवलं. संध्याकाळी पल्सारचं मंडळ गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ दीर्घिकेचंही.

संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं, सत्कार होऊन जाऊ द्या, मंत्रिमहोदयांचं अभिनंदनपत्र यायचंय, खंडन करायचीही एक पद्धत असते. तोवर कुणी विचारलंच तर 'अधिक अचूक विश्लेषण सुरू आहे' असं सांगायचं. मी म्हटलं की विश्लेषण संपलं आहे. ते म्हणाले, अचूकता कधी संपत नसते.

शनिवारी मी घरी गेले. बॅनर लागलेलं होतं. पुढाऱ्यांचा फोटो दाराएवढा आणि माझा खालच्या कोपऱ्यात, ओळखपत्रावरून काढलेला, डोळे अर्धे मिटलेले. नाना ओट्यावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पल्सारचा भाग दोनदा सांगायला लावला, जसं ते मुलांकडून उदाहरण सोडवून घेत.

"म्हणजे ते नाहीच."

"नाही."

"मग हे आधी का नाही बघितलंस?"

खुर्च्यांवर बसून गेलेल्या त्या दोघांचा विषय नानांनीही काढला नाही, मीही नाही.

"उद्या सांग तसं," ते म्हणाले. "पण मुलांना कळेल असं सांग. माईक हातात आला की तू भरभर बोलतेस."

रविवारी शाळेच्या पटांगणात शाल झाली, नारळ झाला. मी माईकसमोर उभी राहिले आणि सावकाश सांगितलं की वर्तमानपत्रात आलेलं प्रभामंडळ अस्तित्वात नाही. मी जुना तक्ता वापरला. चूक माझी आहे, आणि ज्यांनी मला नवा तक्ता पाठवला होता त्या थळेंची बिलकूल नाही. मी थांबले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं नीट कळलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं. टाळ्या वाढल्या.

मग पुढारी बोलायला उठले. ताई एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण म्हणतात मी काही शोधलंच नाही. हा विनय आपण सगळ्यांनी घेण्यासारखा आहे, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तेच होतं. विनयाला वेगळी चौकटही होती. आयुष्यात मी जाहीरपणे जे एक खरं बोलले ते मोठेपणा म्हणून छापलं गेलं आणि माझी चूक तिथल्या तिथे उभी राहिली.

पटांगणात दोघांनाच ते कळलं. एक नाना, ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते आणि मी खाली उतरल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. दुसरे विलास पाटील. ते गर्दीतून वाट काढत आले.

"मंजे चुंबक हाय, पन दिसत न्हाय, असंच ना?"

मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

"मग आमच्या गादीसारखंच झालं," ते समाधानाने म्हणाले आणि गेले.

संस्थेत चौकशी समिती बसली. मी चूक माझी असल्याचं लेखी दिलं आणि न उघडलेली ई-मेलही पुराव्यादाखल जोडली. समितीपुढे अडचण अशी होती की माझा फोटो माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापून झाला होता. मुखपृष्ठावरच्या व्यक्तीवर कारवाई करायची तर पुस्तिका मागे घ्यावी लागणार. शेवटी समितीने 'समन्वयाचा अभाव' असा निष्कर्ष काढला. महत्त्वाची सूचना ई-मेलने न देता प्रत्यक्ष द्यायला हवी होती असं नोंदवलं आणि थळेंची बदली उपकरणांच्या भांडारात केली. मी याविरुद्ध तीन पत्रं लिहिली. तिन्हींची पोच मिळाली.

थळे महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. दुपारच्या डब्यात ते घरची सुकट आणायचे आणि वाटी नेहमी माझ्याकडे सरकवायचे. त्या महिन्यात ती सरकली नाही. मला ते रागावल्याचं बरं वाटलं. कोणीतरी मला माझी चूक चूक म्हणून परत देत होतं. मग एक दिवस वाटी सरकली आणि ते म्हणाले की मंडळ नाही हे खरं, पण चिल्लरही नाहीच आहे ना, त्याचं काय?

त्यावर आम्ही भांडारात, खोक्यांवर कागद ठेवून, जेवणाच्या सुट्टीत काम केलं. दीर्घिका एकेक घेतली, नवा तक्ता लावला, पल्सारवर प्रत्येक पायरी ताडून बघितली. मंडळ कुठेच नव्हतं आणि यायला हवा होता तो प्रकाशही नव्हता. म्हणजे मधल्या पोकळीतलं क्षेत्र अमुक एका मर्यादेपेक्षा कमी असू शकत नाही. काही जाणकार म्हणतात की त्या जोड्यांची ताकद वाटेतल्या विरळ वायूतच जिरते आणि चुंबकाची गरजच नाही. तेही आम्ही लेखात लिहिलं. लेख बरा झाला. परदेशातले लोक अजून तो वापरतात. संचालकांना प्रत नेऊन दिली तेव्हा त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "न सापडलेल्याचं बॅनर कसं लावणार?" ते चेष्टेने म्हणाले नव्हते. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

थळे भांडारातूनच निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या पत्रात 'साहित्याची नीट निगा राखली' एवढंच होतं. ते मला अजून टोचतं.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी मी त्यांच्या शाळेत एका कार्यक्रमाला गेले, तर व्हरांड्यात 'आपले मानकरी' असा नवा फलक. एकजण तहसीलदार झालेला, एकजण कबड्डीच्या राज्य संघात गेलेला, आणि तिसऱ्या ओळीत मी: 'विश्वातील प्रभामंडळाचा शोध लावला'. मुख्याध्यापक म्हात्रे सरांना मी तिथेच सांगितलं की हे चूक आहे. ते संकोचले, पुन्हा रंगवायचं तर पूर्ण फलक करावा लागेल म्हणाले. ओळीच्या शेवटी जेमतेम दोन अक्षरांची जागा होती. मी सुचवलं तसं पेंटरने तिथे 'नाही' असं बारीक अक्षरात लिहिलं. त्यासाठी म्हात्रे सरांनी माझ्याकडून सगळं समजून घेतलं, पल्सारसकट, आणि आठवीच्या वर्गाला शिकवलंही.

यंदा तपासणीला एक अधिकारी आले. फलकापुढे थांबले. म्हात्रे सरांनी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना शेरेबुकात लिहिलं: 'मानकरी फलकावर तिसऱ्या ओळीत चूक आहे. "नाही" हा शब्द काढून पूर्तता कळवावी.'

म्हात्रे सर शेरेबुक घेऊन माझ्याकडे चौलला आले. काय करायचं म्हणून विचारत होते. मी म्हटलं, सर, तुमची नोकरी आहे, मी काही सांगणार नाही. मग खिशातून पेन काढून, माझ्याच टेबलावर, त्यांनी पूर्ततेच्या रकान्यात लिहिलं:

'पडताळणी केली. चूक आढळली नाही.'